पळसांची हजेरी

मी त्या गावात मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ही सकाळ. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पोरं अजून यायची होती. मी ओवरीत फळा पुसत होतो आणि गावामागच्या माळावरून हजेरी ऐकू आली.

"गंगाराम!"

"हाजिर हाय!"

"सुताराचा भिकाजी!"

"हा... हा... हाजिर हाय!"

"पाटील!"

जरा वेळ काहीच नाही. मग तोच आवाज चढला, "पाटील गैरहाजिर!"

म्हणजे माझ्या आधीच कुणीतरी दुसरी शाळा काढली होती, आणि तीही उजाडल्याबरोबर भरणारी! लिंबागणेशहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत मी इथवर आलो होतो, ते काय अर्ध्या गावाची पोरं दुसऱ्याला देऊन बसायला? धोतर सावरत तसाच माळ चढलो. वर पाहतो तर पोर एकही नाही. पानं झडलेले पळस तेवढे उभे. त्यांच्यापुढं साठीच्या घरातला एक लांबडा माणूस, अंगात विटका खाकी कोट, कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा, हात मागं बांधून हजेरी घेत होता. नाव तोच पुकारायचा आणि 'हाजिर' तोच म्हणायचा, पण आवाज बदलून. सुताराचा भिकाजी बोलताना अडखळायचा, म्हणून त्याच्या नावाचा पळससुद्धा अडखळत हजर झाला होता.

माझ्याकडं न बघताच त्यानं विचारलं, "लिवता येतं?"

"मी मास्तर आहे."

"ते इचारलं न्हाई. लिवता येतं का?"

"येतं."

"मग कावून हुबे हाव? बसा. वही तितं दगडावर हाय."

मी बसलो. पुढं सहा वर्षं बसलो.

हे लिंबाजीआबा. सरकारी जमीनमोजणीत त्यांनी तीस वर्षं साखळी धरली. मोजणीच्या साखळीला दोन टोकं असतात. पुढचं टोक धरणाऱ्याला जरा मान असतो. आबा मागचं टोक धरायचे. पण नोकरी संपवून गावात आले ते गिरदावराच्या, म्हणजे मोजणी तपासणाऱ्या साहेबाच्या थाटात. लोक पाठीमागं त्यांना 'गिरदावर' म्हणत, आणि आबांना ते कळलं तेव्हा त्यांनी ती बढती समजून घेतली. बायको नव्हती. एकदा लग्न ठरलं होतं, पण तेव्हा मोजणी पाटोद्याकडं चालू होती आणि आबा साखळी सोडून आले नाहीत. मुलीकडच्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मांडवात दुसरा नवरदेव उभा केला. आबांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. "कामावर व्हतो, त्याला विलाज न्हाई," एवढंच म्हणायचे.

कचेरीची भाषा मात्र अंगाला चिकटली ती चिकटलीच. पाहणीला मुलाहिजा, मग पंचनामा, मंजूर, नामंजूर. "कागदावर आलं न्हाई तवर झालंच न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. शेजारच्यानं आनंदानं सांगितलं की आमची म्हैस व्याली, तर आबांचा सवाल, "पंच कोन व्हते?" मला एकदा ताप आला. आबा आले, माझ्या कपाळाला हात लावला, म्हाळू धनगराला बोलावून त्यालाही लावायला लावला, दोघांनी माना डोलावल्या आणि मग म्हणाले, "ताप मंजूर. निजा." गंमत अशी की ह्या कागदाच्या भक्ताला एक अक्षरही लिहिता-वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी ते दोन गोळे काढून मधे एक रेघ ओढायचे. ती साखळी.

माळावर एकंदर त्रेसष्ट पळस होते. कुणी लावलेले नाहीत, आपोआप उगवलेले. दर माघात त्यांना फुलं कधी येतात त्याची नोंद आबा ठेवत; फुललेलं झाड हाजिर, न फुललेलं गैरहाजिर. मी आलो तेव्हा वहीला अकरा वर्षं झाली होती, आणि तीत माझ्या आधीच्या दोन मास्तरांची अक्षरं होती. 'कुठंही जा, पळसाला पानं तीनच' असं लोक म्हणतात. आबांनी तेही तपासून पाहिलं होतं. सत्तावीस नंबरच्या झाडावर चार पानांचं एक देठ सापडल्याचा पंचनामा वहीत आहे, खाली म्हाळू धनगराच्या अंगठ्यासह.

झाडांना नावं गावातल्या माणसांची. जसा माणूस तसं झाड. लवकर फुलणारा तो गंगाराम, कारण गंगाराम जेवणावळीला सगळ्यांच्या आधी पोचायचा. सगळ्यांत शेवटी फुलणारा तो पाटील. हे पाटलांच्या कानावर गेल्यावर ते स्वतः माळावर आले.

"लिंबाजी, माझं नाव काढ त्या झाडावरनं."

"झाडाचं नाव बदलता येतं, पाटील. सवय कशी बदलावी?"

पाटलांनी मग चिडून गड्याकरवी त्या झाडाला दोन पाट्या शेणखत घातलं. त्या वर्षी झाडाला पानं अशी तरारून आली की फूल आणखी आठ दिवस लांबलं. आबांनी ते 'खताचा लाभ होऊनही गैरहाजिर' असं लिहायला लावलं.

त्रेसष्ट नंबर मात्र निराळं. ते माळाच्या माथ्यावर मोठ्या खडकाजवळ होतं, एका अंगाला वाकलेलं. त्याचं नाव आबा पुकारत नसत. बासष्ट झाडांची हजेरी झाली की खडकाखाली वहाणा काढून वर जायचे, कपाळावर हात धरून फांदी न् फांदी बघायचे आणि न बोलता उतरायचे. मी पहिल्याच वर्षी विचारलं, "ह्याचं नाव काय लिहू?"

"नंबर लिवा."

"नाव?"

"नंबर लिवला ना? मग झालं."

पंचनामा मात्र ह्या एकाच झाडाच्या पहिल्या फुलाचा. दोन पंच लागत, मी आणि म्हाळू. आणि पंचनाम्याची खरी मारामार ही की फूल म्हणायचं कशाला? काळी मखमली कळी फाटते, केशरी चोच डोकावते, मग हळूहळू उकलते. आबांचा नियम असा की साळुंकीनं येऊन आत चोच घातली की फूल. त्याआधी ती कळी. आम्ही तिघं खडकावर बसून साळुंकीची वाट बघायचो. माझी शाळा खाली आपोआप सुटलेली असायची.

"बसली," म्हाळू कुजबुजायचा.

"बसली, पर चोच घातली न्हाई," आबा म्हणायचे.

साळुंकी उडून जायची. आम्ही पुन्हा तासभर बसायचो.

गावचे जोशीबुवा ह्या प्रकारावर जळफळत. ही चोचीची अट कुठल्या शास्त्रात आहे, असं ते मलाच विचारत, जणू मीच ते शास्त्र लिहिलं. खरं भांडण तारखेवरून होतं. आबा तारीख कचेरीच्या फसली सालाची घालायला लावत, माघ-फाल्गुनात येणाऱ्या फरवर्दी महिन्याची सोळा, सतरा, कधी चौदा. फसलीचं साल सूर्यावर चालतं. जोशीबुवांची तिथी चंद्रावर. मी गेलो त्या वर्षी फूल माघ शुद्ध दशमीला उघडलं. पुढच्या वर्षी माघ वद्य षष्ठीला. तिसऱ्या वर्षी फाल्गुन शुद्ध द्वितीया.

"पाहा मास्तर," जोशीबुवा आनंदानं म्हणाले, "दर साली अकरा दिवसांनी आळस वाढतोय. हा पळस आता आषाढात फुलणार."

मग अधिक महिना येऊन गेला आणि चौथ्या वर्षी फूल पुन्हा माघ शुद्ध त्रयोदशीला आलं.

"माझं बोलणं ऐकलं त्यानं. सुधारला!"

"झाड जाग्यावरच हाय, बुवा," आबा म्हणाले. "तुमचं पंचांग साखळी ढिली धरतंय."

त्यावर दोघं महिनाभर बोलले नाहीत. पण एक गोष्ट मला तेव्हाही चमत्कारिक वाटायची. एवढं भांडूनसुद्धा आबा दर वर्षी मला जोशीबुवांकडं पाठवत, त्या दिवसाची तिथी विचारून आणायला लावत, आणि फसली तारखेच्या शेजारी तीही लिहून घेत.

सहाव्या वर्षी मी घोळ केला.

तेलगावला माझ्या मामेभावाचं लग्न होतं. मी आबांना सांगितलं, मला पाच-सहा दिवस जायचंय. आबा म्हणाले, "रजा नामंजूर. फूल झाल्याबिगर पंचाला गाव सोडता येत न्हाई." त्या वर्षी फूल काही येईना. लग्न तीन दिवसांवर आलं, दोन दिवसांवर आलं. मी रोज वर जाऊन कळ्यांकडं बघायचो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायचो. शेवटी एका दुपारी, म्हाळू मेंढरं घेऊन लांब गेलेला पाहून, गंगारामाचं एक टपोरं फूल तोडलं आणि त्रेसष्ट नंबरच्या वरच्या फांदीला बाभळीच्या काट्यानं टोचून ठेवलं.

दुसऱ्या सकाळी पंचनामा झाला. नशीब असं की साळुंकीसुद्धा फसली, आल्याबरोबर तिनं चोच घातली. म्हाळूनं अंगठा दिला, आबांनी साखळी काढली, मी फरवर्दीची अकरा तारीख घातली आणि तेलगावची वाट धरली. लग्नात बुंदीच्या पंगतीला हा किस्सा मी रंगवून सांगितला. लोक हसून हसून पाटावरून घसरले. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

परत आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी माळावरून हजेरी ऐकू आली नाही. मी वर गेलो. आबा त्रेसष्ट नंबरच्या बुंध्याशी बसले होते. तळहातावर बाभळीचा काटा.

"मास्तर, पळसाला काटा असतोय का?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"पैलं फूल आलं की पाठोपाठ धा तरी येत्यात. ह्ये येकलंच. वर चढून बगितलं. फूल वाळून गेलतं, काटा व्हता."

आता ते ओरडतील, वही माझ्या तोंडावर फेकतील, असं मला वाटलं. तेच बरं झालं असतं.

"चुकलो, आबा. लग्नाची घाई होती. थट्टेत केलं."

"थट्टा आसंल," ते शांतपणे म्हणाले. "पर सतरा साल ह्या वहीत खोटा कागद न्हवता. आता येक हाय. आनखी किती हायेत, मला कसं कळावं? मला वाचता येत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शपथा घेतल्या, हा एकच, दुसरा नाही. आबांनी ऐकून घेतलं. बराच वेळ काटा बोटात फिरवत बसले आणि मग झाडाकडं मान करून म्हणाले, "हिचं नाव आक्का हाय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आबा तीन वर्षांचे. आक्का लहानपणीच विधवा होऊन माघारी आलेली. तिनंच ह्यांना वाढवलं.

"मी मोजनीला लागलो, बारा मुलूख फिरलो. दोगांला बी वाचता येत न्हाई, खत कोन लिवनार? मग ती निरोप धाडायची. कुनी बाजाराला निगालं, कुनी कपिलधारला निगालं, की त्याच्यासंगं. 'लिंबाजीला म्हनावं, पळस फुलला, रजा काड.' मानसामानसांतनं फिरत त्यो निरोप मी आसंल तितं यायचा. मग मी शिमग्याला घरी. पुरनपोळी घालायची मला."

ते थांबले. काटा दगडावर ठेवला.

"त्या साली गाठीचा रोग, पलेग, आला. गाव उठलं आन् ह्या माळावर खोपी घालून ऱ्हायलं. मी धारूरकडं. निरोप आला न्हाई. मी म्हनलं, औंदा पळसाला उशीर दिसतोय. तसाच साखळी वडत बसलो. मागनं घरी आलो तर खोपी बी मोडल्यात्या. म्हाळू म्हनला, आक्का गेली त्या सकाळी ह्या झाडाला पैलं फूल व्हतं. तिनं बगितलं. म्हनली, लिंबाजीला सांगा. सांगाया बाजाराला जानारं कुनी उरलं न्हवतं, मास्तर."

"कोणता दिवस होता?"

"तेच तर कुनाला ठावं न्हाई. तीथ मोजाया कुनाचं डोकं ठिकान्यावर व्हतं? जोशीबुवा पंचांग घिऊन सासुरवाडीला गेलते. परत आल्यावर म्हनले, तीथ ठावं नसंल तर सर्वपित्रीला घाल. सर्वपित्री समद्यांची हाय. आक्काला तिचा सोताचा दिस पायजे. आख्ख्या मुलकाचे बांध मोजले मी, आन् घरचा येक दिस सापडंना. म्हनून झाडाला इचारतोय. ह्ये दरसाल कवा येतं ते पक्कं कळलं, की त्या सालचा दिस धरता येईल."

मी वही उघडली. खोट्या पानावर 'हा कागद खोटा आहे, लबाडी लिहिणाराची' असं लिहून सही केली, त्यांना वाचून दाखवलं, आणि वही काखेत मारून तडक जोशीबुवांच्या घरी गेलो.

काय झालं ते ऐकल्यावर जोशीबुवांनी माझ्यासमोर पाट मांडला. आम्ही वहीतली सगळी फुलं ओळीनं मांडली. सगळ्यांत लवकर आलेलं फरवर्दीच्या नऊला, सगळ्यांत उशिरा बावीसला. मी सरासरी काढली, सोळा आली. जोशीबुवांनी जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यातून रोगाच्या सालचं पंचांग काढलं. त्या साली त्या दिवशी माघ वद्य एकादशी होती.

"झालं की!" मी म्हणालो. "सापडली तिथी."

"मास्तर, सरासरीनं श्राद्ध होत नाही," जोशीबुवा म्हणाले. "नऊपासून बावीसपर्यंत कोणताही दिवस असेल. भलत्याच तिथीला हाक मारली तर ती कशी यायची?"

मी चिडलो होतो, खरं म्हणजे स्वतःवरच. बोलून गेलो, "हे पंचांग त्या साली गावात असतं तर कुणीतरी सांगितली असती तिथी. कुठं होतं ते तेव्हा?"

जोशीबुवांनी गठ्ठ्याला दोरा गुंडाळायला घेतला. "माझ्याजवळ," ते म्हणाले. "अंबाजोगाईला." दोरा संपला तरी ते गुंडाळतच होते. आतून जेवणाची हाक आली, तीही त्यांना ऐकू गेली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी म्हाळू जोशीबुवांच्या दारावरून ओरडत शाळेत आला. "मास्तर, तिरसट्ट नंबर!"

वहाणा खडकाखाली काढून आम्ही वर गेलो. एक फूल उघडलेलं, शेजारच्या कळ्या फाटलेल्या. आबांनी फांदी वाकवून मला देठावरून बोट फिरवायला लावलं. काटा नव्हता. "मुलाहिजा बराबर," ते म्हणाले, आणि आम्ही साळुंकीसाठी खडकावर बसलो. तासाभरानं खालून कुणीतरी धापा टाकत वर येताना दिसलं. जोशीबुवा होते. ते ह्या माळावर ह्या जन्मी आले नव्हते. एका हातात तांब्या, काखेत दर्भ, उपरण्यात भाताचे पिंड बांधलेले.

"लिंबाजी, कोट काढ. दक्षिणेला तोंड करून बस."

"आज कावून, बुवा? तीथ..."

"बस म्हटलं ना."

आबा बसले. कोट काढल्यावर माणूस अगदीच बारीक दिसायला लागला. जोशीबुवांनी संकल्प सुरू केला. संवत्सर आलं, मास आला, पक्ष आला, आणि तिथीपाशी येऊन ते थांबले. त्यांनी एकदा झाडाकडं पाहिलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "पलाशपुष्पोद्गमतिथौ," आणि पुढचं म्हणत गेले. ही तिथी कुठल्याच पंचांगात नाही, एवढं मला कळत होतं.

"काय म्हनले?" आबांनी मला हळूच विचारलं.

"पळस फुलला त्या तिथीला, असं म्हणाले."

आबांनी मान खाली घातली आणि पोरासारखे हुंदके देऊन रडले. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा म्हाळूनं त्यांचा हात खालून धरला.

पिंड ठेवले. आता कावळा शिवायला हवा, तर माळावर कावळ्याचं नाव नाही. जोशीबुवांनी हाका मारल्या, मग स्वतः काव काव करून पाहिलं. म्हाळूनं केलं. मीही केलं. तिघंही ओरडत असताना आबांनी हात वर केला, "गप ऱ्हावा."

साळुंकी आली होती. वाकलेल्या फांदीवर.

"बसली," म्हाळू म्हणाला.

"बसली, पर..." आबा डोळे पुसत म्हणाले.

जोशीबुवा कपाळावर हात धरून पुढं वाकले. "घातली," ते म्हणाले. "लिंबाजी, चोच घातली तिनं. लिहा मास्तर, पंच मी आहे."

मी वही उघडली. नावाचा रकाना सतरा वर्षं कोरा होता. तिथं 'आक्का' लिहिलं आणि आबांकडं पाहिलं. ते उठून उभे राहिले, सवयीनं हात मागं बांधले, आणि गावात ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "आक्का!"

आम्ही तिघांनी झाडाकडं पाहिलं.

"हाजिर हाय," आबाच म्हणाले. ह्या वेळी त्यांनी आवाज बदलला नाही.